'घर रिकामे करा' म्हटल्याने घर रिकामे होत नसते!

मृगाचा पाऊस पडला, शाळा उघडल्या, की सिंदेवाहीसारख्या तालुक्याच्या गावात खोल्यांची शोधाशोध सुरू होते. कुणा गुरुजींची बदली झालेली असते, कुणी वनखात्यात नव्याने रुजू झालेले असते, कुणी बँकेत, कुणी दवाखान्यात. खेड्यावरची मुलगी कॉलेजात आलेली असते. "किरायाने खोली आहे का जी?" असे विचारत माणसे गल्लोगल्ली फिरतात. आणि मैत्रिणींनो, दार उघडून "आहे नं, या, पाहून घ्या" म्हणणारी बहुतेक वेळा आपल्यातलीच एखादी असते. मागच्या अंगणात दोन खोल्या काढल्या, त्यांचा किराया आला, की मुलांच्या शिकवणीची फी आणि दुधाचा हिशेब त्यातून भागतो. कितीजणी तर दोन्हीकडच्या असतात! स्वतःचे घर इथे किरायाने दिलेले आणि यजमानांच्या नोकरीपायी गडचिरोलीला दुसऱ्याच्या घरात किरायाने राहणाऱ्या.

हा व्यवहार ठरवतात पुरुषमंडळी, ओसरीवर बसून, चहा घेत, तोंडातोंडी. पण निभावतो कोण? आपण! नळाला पाणी आधी कुणी भरायचे, वाळवण कुठे घालायचे, पाहुणे किती दिवस राहिले, लाईटबिल निम्मे की तिसरा हिस्सा, हे सारे बायकांच्या वाट्याला येते. आणि कधीतरी त्या कुरबुरीतून तो शब्द निघतो : "महिन्याच्या आत खोली रिकामी करा!"

ऐकणारीच्या पोटात गोळा येतो. म्हणणारीला वाटते, घर माझे, मी म्हणेन तेव्हा निघालेच पाहिजे. खरे तर दोघींनाही कायदा ठाऊक नसतो. म्हणून या वेळी लोणच्याची बरणी आणि लोकरीची सुई जरा बाजूला ठेवा आणि हे वाचा. कायद्याचा विषय आहे, पण आपल्या पिठाच्या डब्याइतकाच तो घरातला आहे.

कुलूप लावायचा अधिकार कुणाचा?

सगळ्यांत आधी एकच गोष्ट मनात पक्की करा. राहत्या माणसाला घराबाहेर काढण्याचा अधिकार घरमालकाच्या हातात नाही. तो न्यायालयाच्या हातात आहे. किराया थकलेला असो, मुदत संपलेली असो, भांडण झालेले असो, मालकाने न्यायालयात किंवा कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे जायचे, हुकूम मिळवायचा आणि मगच ताबा घ्यायचा. सामान अंगणात फेकणे, किरायदार बाजारात गेलेला पाहून दाराला दुसरे कुलूप ठोकणे, छपरावरची कवेलू काढून घेणे, हे कोणत्याही कायद्यात बसत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली कृष्णराम महाले विरुद्ध शोभा वेंकट राव या खटल्यात हे अगदी स्पष्ट केले आहे. ज्याचा ताबा स्थिर झालेला आहे, त्याला तिथे राहण्याचा हक्क उरलेला नाही असे क्षणभर धरले, तरीसुद्धा मालकाला त्याला कायद्याच्या मार्गानेच काढावे लागते.

बरे, मालकाने जबरदस्तीने काढलेच तर? १९६३ सालचा विशिष्ट अनुतोष कायदा म्हणून एक कायदा आहे. नाव अवघड, पण काम सोपे. त्याच्या सहाव्या कलमाखाली बाहेर काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत दिवाणी न्यायालयात दावा करता येतो. तिथे घर कुणाच्या मालकीचे, हा प्रश्न निघत नाही. ताबा तुमचा होता आणि तो कायदा सोडून हिसकावला, एवढे दाखवले की ताबा परत मिळतो. मात्र सहा महिने म्हणजे सहाच महिने. माहेरी जाऊन रडत बसण्यात ते घालवू नका.

आणि पोलीस? मारहाण, धमकी, सामानाची नासधूस झाली तर जरूर पोलिसांत जा. पण खोली रिकामी करून देणे हे पोलिसांचे काम नव्हे. हे मालकिणींनीही लक्षात ठेवावे आणि "पोलीस आणते!" म्हटल्यावर घाबरणाऱ्या किरायदारणींनीही.

आजोबांचा 'रेंट कंट्रोलर' गेला

आपल्याकडच्या जुन्या माणसांना विचाराल तर ती 'रेंट कंट्रोलर'चे नाव घेतात. ते खोटे नाही. चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता, आणि मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी १९४९ साली भाडेनियंत्रणाचा एक आदेश निघाला होता. त्याच्याखाली मालकाला किरायदाराला साधी सोडचिठ्ठीची नोटीस द्यायची म्हटली तरी आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. परवानगी, मग नोटीस, मग दिवाणी दावा, असा लांबचा रस्ता. मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्राला १९४७ चा वेगळा कायदा होता, मराठवाड्याला हैदराबाद राज्याचा १९५४ चा. एकाच महाराष्ट्रात तीन तऱ्हा!

मुंबईत तर आणखीच गंमत. तिथले जुने भाडे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते त्यालाच बांधून ठेवलेले. महागाई वाढली, भाडे मात्र तिथेच. मालकांना दुरुस्ती परवडेना, इमारती खचू लागल्या, आणि 'पगडी' नावाचा काळा व्यवहार बोकाळला. शेवटी डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, भाडे असे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही, असा निकाल दिला. त्यानंतर तिन्ही जुने कायदे मोडून सबंध राज्यासाठी महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा एक कायदा झाला. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तेव्हा रेंट कंट्रोलरची गोष्ट आता विसरायची.

आपल्या गावाला कोणता कायदा?

इथे जरा थांबा, कारण पुष्कळ लेखांत हे सांगतच नाहीत. १९९९ चा कायदा प्रत्येक खेड्यापाड्याला आपोआप लागू नाही. कायद्याच्या जोडपत्रांत ज्या गावांची नावे आहेत, ज्या भागांना आधीचे भाडेनियंत्रण लागू होते, किंवा सरकारने अधिसूचना काढून जो भाग जोडला, तिथे तो चालतो. म्हणून पहिला प्रश्न वकिलांना हाच विचारायचा : "आमच्या गावाला, आमच्या वॉर्डाला भाडेनियंत्रण कायदा लागू आहे का?"

लागू नसेल तर १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहेच. त्याच्याप्रमाणे महिन्याच्या बोलीवर दिलेले घर सोडवायला मालकाने पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची असते. तिथे कारण दाखवावे लागत नाही, हा मोठा फरक. पण नोटिशीनंतरही किरायदार निघाला नाही तर पुन्हा न्यायालयच! कुलूप ठोकण्याची मुभा तिथेही नाही.

पुढचे जे सांगते आहे ते भाडेनियंत्रण कायदा लागू असलेल्या जागांबद्दल.

कोणत्या कारणाने काढता येते?

किराया वेळेवर देणाऱ्या आणि नीट राहणाऱ्या भाडेकरूला काढता येत नाही, हा या कायद्याचा कणा. पण मालकाला काहीच वाट नाही असे नव्हे. सोळाव्या कलमात कारणे मोजून दिली आहेत. त्यांतली आपल्या घरांत नेहमी घडणारी अशी :

मालकाच्या लेखी परवानगीवाचून पक्के बांधकाम केले. घराची नासधूस केली. शेजाऱ्यांना सतत उपद्रव दिला. खोली परस्पर तिसऱ्यालाच किरायाने दिली. राहण्यासाठी घेतलेली जागा योग्य कारण नसताना दाव्याच्या आधी सलग सहा महिने तशीच बंद ठेवली. भाडेकरूने स्वतःच सोडतो म्हणून नोटीस दिली आणि त्या भरवशावर मालकाने घर विकायचा करार केला. मोडकळीला आलेले घर दुरुस्त करायचे किंवा पाडून नवे बांधायचे आहे. आणि शेवटचे, सगळ्यांत जास्त वापरले जाणारे कारण, मालकाला स्वतःला जागा हवी आहे.

ही गरज खरी असावी लागते. "मुलाचे लग्न ठरले, सुनेला खोली हवी" ही खरी गरज. "नवा किरायदार हजार रुपये जास्त देतो" ही गरज नव्हे, हा लोभ! शिवाय न्यायालय दोन्ही पारडी तोलते. मालकाला जागा न मिळाल्याने होणारा त्रास मोठा, की किरायदाराला बाहेर काढल्याने होणारा? किरायदाराचा त्रास जास्त दिसला तर हुकूम नाकारता येतो, किंवा जागेच्या काही भागापुरताच देता येतो. आणि गरजेच्या नावाखाली ताबा घेऊन मालक महिन्याभरात तिथे राहायला गेलाच नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला किरायाने दिली, तर जुना भाडेकरू तेरा महिन्यांच्या आत अर्ज करून जागा परत मागू शकतो.

घर विकले गेले तरी भाडेकरू आपोआप निघत नाही. नवा मालक जुन्याच्या जागी येतो, एवढेच. मात्र यापुढे किराया कुणाला द्यायचा, हे जुन्या मालकाकडून लिहून घ्या.

किराया थकला तर?

पगार लांबतो, घरात आजारपण येते, धान बुडते. दोनचार महिने किराया राहून जातो. अशा वेळी मालकाने आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची. ती मिळाल्यापासून नव्वद दिवस दावा करता येत नाही. तरी पैसे दिले नाहीत आणि दावा झाला, तर समन्स हाती पडल्यापासून आणखी नव्वद दिवसांत थकलेला सगळा किराया, त्यावर दरसाल दर शेकडा पंधरा टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला, पुढचाही नियमाने भरत राहिले, तर त्या कारणावरून घर जात नाही. म्हणजे कायदा एकदा चुकलेल्याला सावरायला वेळ देतो. पण नोटीस आली की ती देवघरामागे खोचून ठेवू नका! दिवस त्या दिवसापासून मोजतात.

कधी उलटही होते. भांडण झाले की मालक किराया घेतच नाही, म्हणजे उद्या "थकवला" म्हणायला मोकळा. अशा वेळी मनीऑर्डर करा. नाकारली तर परत आलेली पावती जपून ठेवा. बँकेतून खात्यात पाठवलात तर उत्तमच, त्याची नोंद आपोआप राहते. 'मी द्यायला तयार होते' हे दाखवता येणे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

अकरा महिन्यांचा कागद

"आमचा अकरा महिन्यांचा करार आहे, म्हणून नोंदणी लागत नाही," असे दहांतले नऊजण सांगतात. हा समज मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आला. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून लोकांनी अकराचा आकडा शोधून काढला. पण आपल्या राज्यातल्या १९९९ च्या कायद्याचे पंचावन्नावे कलम म्हणते, की भाड्याचा किंवा 'लिव्ह अँड लायसन्स'चा कोणताही करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. मग तो अकरा महिन्यांचा का असेना! नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि खरी मेख पुढेच आहे. नोंदलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत!

तेव्हा मालकिणींनो, स्टँपपेपर लिहून कपाटात ठेवणे पुरेसे नाही. नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होते, आणि लिव्ह अँड लायसन्सची तर आता आधार कार्ड आणि अंगठ्याच्या खुणेवर घरबसल्या ऑनलाइनही होते.

किरायदारणींनी कागदावरचा शब्द नीट वाचायचा. 'भाडेकरार' आणि 'लिव्ह अँड लायसन्स' ही एकाच भाकरीची दोन नावे नव्हेत. भाडेकरूला वर सांगितलेले सगळे संरक्षण आहे. लायसन्सवर राहणाऱ्याला फक्त ठरलेल्या मुदतीपुरती राहण्याची परवानगी असते. मुदत संपली की जागा सोडायची. नाही सोडली तर मालक कायद्याने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, ते काम दाव्यापेक्षा झटपट चालते, आणि जितके दिवस जास्त राहिले तितक्या दिवसांचे दुप्पट पैसे भरावे लागतात. पण लक्षात घ्या, तिथेही हुकूम प्राधिकाऱ्याचा. मालकाने स्वतः सामान काढायचे नाहीच.

अनामत रकमेला या कायद्याने वरची मर्यादा घातलेली नाही. म्हणून किती दिली, केव्हा आणि कशातून कापून परत मिळेल, हे करारातच लिहून घ्या. केंद्र सरकारने २०२१ साली एक 'आदर्श भाडेकरार कायदा' मंजूर केला, त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको असे म्हटले आहे. पण तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. राज्याने आपला कायदा केल्याशिवाय त्यावर बोट ठेवून भांडता येत नाही.

नळ, वीज, गळके छप्पर

घर सोडायला लावण्याचा जुना हुकमी उपाय म्हणजे नळ बंद करणे आणि फ्यूज काढून नेणे. पोटच्या पोरांना उन्हाळ्यात पंख्याशिवाय झोपवायची वेळ आली, की बाई आपोआप बाड उचलते! पण कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात याला साफ मनाई आहे. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सोय, यांतले काहीही योग्य कारणाशिवाय तोडले, तर न्यायालय ते पुन्हा सुरू करायला लावते आणि मालकाला शिक्षाही होऊ शकते. विजेचे मीटर तर घरात राहणाऱ्याला स्वतःच्या नावे मागता येते. २००३ च्या वीज कायद्यात मालक किंवा 'राहणारा' असे दोन्ही शब्द आहेत. मालकाचे ना-हरकत पत्र नाही एवढ्या कारणाने भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे.

दुरुस्ती मालकाने करायची. आपल्या भागातला पाऊस तर ठाऊकच आहे, एकदा लागला की धान रोवणाऱ्यांना आनंद आणि कवेलूच्या घरातल्या बायकांना घमेली मांडायचे काम! छप्पर गळत असेल तर मालकाला निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या. तरी केले नाही तर स्वतः करून खर्च किरायातून वळता करता येतो, मात्र वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना ३,००० रुपये किराया असेल तर वर्षाचे ३६,००० झाले, म्हणजे जास्तीत जास्त ९,००० रुपये. कवेलू, सिमेंट, मजुरी, सगळ्याच्या पावत्या ठेवा.

मालकालाही न्याय आहे. भाडेकरूचा किराया त्याला दरवर्षी ४ टक्के वाढवता येतो. ३,००० वर १२० रुपये. वाढ मागितली म्हणून मालकीण लगेच दुष्ट ठरत नाही, बरे का!

पावती त्यांच्या नावाची, आणि आपण?

आता जे सांगणार आहे त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. किरायाची पावती बहुतेक घरांत यजमानांच्या नावाची असते. बाईचे नाव कुठेच नसते. मग यजमान गेले, किंवा सोडून गेले, तर?

यजमानांच्या मागे बायकोने लगेच घर सोडावे, असे मालक म्हणू लागतो. "करार त्यांच्याशी होता बाई, तुमच्याशी नाही." तेराव्याच्या आतच असे ऐकावे लागलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. बाई आधीच कोसळलेली, भावाच्या सल्ल्याने निमूट बाड बांधते. तिला कुणी सांगत नाही, की भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारे कुटुंबातले माणूस हे कायद्याने भाडेकरूच ठरते! राहत्या घरासाठी सातव्या कलमाच्या व्याख्येतच हे लिहिले आहे. म्हणजे विधवा बाई त्याच किरायाने, त्याच हक्काने तिथे राहू शकते. तिने एवढेच करायचे, किराया चुकवायचा नाही आणि पुढची पावती स्वतःच्या नावाची मागायची. ती तिथेच राहत होती हे रेशनकार्ड, आधार, मतदार यादी, मुलांचा शाळेचा दाखला यांवरून दाखवता येते. म्हणून या कागदांवरचा पत्ता आजच तपासून पाहा. लायसन्सवर राहणाऱ्यांना मात्र हे लागू नाही, हेही सांगून ठेवते.

आणि नवरा सोडून गेला तर? अशा वेळी एक डाव खेळला जातो. नवरा मालकाशी संगनमत करतो, न्यायालयात हजरच राहत नाही, किंवा "मी जागा सोडली" असे लिहून देतो. बायको-मुले आपसूक रस्त्यावर. २००५ साली बी. पी. अचला आनंद या बाईंच्या खटल्यात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने सांगितले, की नवऱ्याने टाकलेली पण त्याच घरात राहणारी पत्नी, नवरा लढत नसेल तर त्याच्या जागी उभी राहून खटला लढू शकते. मात्र तिला त्याच्याच अटी बांधील राहतात, म्हणजे किराया तिने भरायला हवा. घटस्फोट झाला की हा हक्क आपोआप राहत नाही. घटस्फोटाच्या हुकमात राहत्या घराची तरतूद करून घ्यावी लागते. वकिलाला हे आठवणीने सांगा.

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदाही इथे कामी येतो. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यातले 'सामाईक घर' म्हणजे फक्त मालकीचे घर नव्हे, किरायाचे घरसुद्धा. पीडित बाईला घराबाहेर काढू नये, नवऱ्याने त्या घरातला आपला हक्क परस्पर सोडून देऊ नये, त्याने किराया भरावा, किंवा दुसरे तशाच सोयीचे घर घेऊन द्यावे, असे हुकूम दंडाधिकारी देऊ शकतात. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फतही करता येतो. हे हुकूम नवऱ्याविरुद्ध असतात. मालकाचे स्वतःचे कायदेशीर कारण असेल तर तो त्याच्या मार्गाने दावा करू शकतो. पण तोवर बाईच्या पायाखाली जमीन राहते, आणि तेवढा वेळ फार मोलाचा असतो.

मालकिणींशी दोन शब्द

हे वाचून कुणी मालकीण म्हणेल, "म्हणजे सगळे किरायदाराच्याच बाजूचे?" नाही हो. खोल्या देताना भीती वाटते ती ही, की बारा वर्षे राहिला की घर त्याचेच होईल. तसे होत नाही! बारा वर्षांचा नियम आहे तो मालकाला न जुमानता, मालकी सांगत ताबा ठेवणाऱ्यासाठी. तुमच्या परवानगीने आलेला, किराया देणारा माणूस कितीही वर्षे राहिला तरी भाडेकरूच राहतो.

जागा थोड्या दिवसांसाठीच द्यायची असेल, उद्या मुलगा येणार असेल, तर नोंदलेले लिव्ह अँड लायसन्स करा. म्हणजे मुदतीनंतर तुमची बाजू भक्कम. पावती नाकारू नका. प्रत्येक किरायाची लेखी पावती देणे कायद्याने सक्तीचे आहे, न दिल्यास दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि रागाच्या भरात कुलूप ठोकू नका. न्यायालयात तुमचे कारण कितीही खरे असले, तरी त्या एका कुलपाने तुम्हीच आरोपी होऊन बसता.

कुठे जायचे?

भाडेकरू-मालकाचे दावे मुंबई-पुण्यात लघुवाद न्यायालयात चालतात. आपल्याकडे ते दिवाणी न्यायाधीशांपुढे, आणि त्यावरचे अपील चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयात तीस दिवसांच्या आत. वकिलाच्या फीची काळजी असेल तर ऐका : १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो. उत्पन्न कितीही असो, अट नाही. तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करायचा. प्रकरण तुटण्याइतके ताणलेले नसेल तर लोकअदालतीत बसून मिटवता येते, आणि तिथली तडजोड न्यायालयाच्या हुकमाइतकीच पक्की असते.

कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा

१. किरायाची पावती दर महिन्याला घ्या. शक्यतो किराया खात्यावरून द्या.

२. करार नोंदलेला आहे का, आणि त्यावर 'भाडे' लिहिले आहे की 'लायसन्स', हे स्वतः वाचा. जमल्यास करारात आपलेही नाव घाला.

३. अनामतीचा आकडा आणि ती परत मिळण्याची अट कागदावर आणा.

४. रेशनकार्ड, आधार, मतदार यादी यांवर आपले नाव आणि सध्याचा पत्ता ठेवा.

५. घरात जाताना भिंती, नळ, मीटरचा आकडा यांचे फोटो तारखेसह काढून ठेवा. सोडतानाही काढा.

६. नोटीस आली तर पाकिटासकट ठेवा, मिळाल्याची तारीख लिहा, आठ दिवसांच्या आत वकिलांना दाखवा.

७. आपल्याकडून जे सांगायचे ते लेखी सांगा, स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा.

८. जबरदस्तीने काढले तर सहा महिन्यांची मुदत विसरू नका.

आपण रेशनकार्ड, लसीचे कार्ड, गॅसचे पुस्तक किती निगुतीने सांभाळतो! त्याच पिशवीत किरायाच्या पावत्यांची एक फाईल ठेवा. यजमान व्यवहार ठरवोत, ओसरीवर चहा घेवोत, त्याला आपली ना नाही. पण कागद कुठे आहे, हे मात्र घरातल्या बाईला अंधारातही सापडले पाहिजे.